सहाव्या वर्षी येणारी दाढ आणि तिचे कवच

मुलाचा पुढचा दात हलू लागला की घरभर त्याची चर्चा होते. तो पडला की त्याचे कौतुक होते आणि नवा दात कधी येतो याची वाट पाहिली जाते. मात्र साधारण याच सुमारास, म्हणजे वयाच्या सहाव्या वर्षी, तोंडात अगदी मागे एक मोठी दाढ येते आणि तिची दखल सहसा कोणी घेत नाही. तिला जागा करून देण्यासाठी दुधाचा एकही दात पडत नाही. शेवटच्या दुधाच्या दाढेमागील मोकळ्या हिरडीतून ती वर येते. त्यामुळे ‘हीसुद्धा दुधाचीच असेल, किडली तरी पडून नवी येईल’ असा समज होतो. ही दाढ कायमची असते. ती गेली तर तिच्या जागी दुसरी येत नाही, आणि आयुष्यभराच्या चावण्याचा मोठा भार तिच्यावरच असतो.

वाशी, नेरूळ, खारघर, कामोठे अशा वसाहतींतील पुष्कळ घरांत आई-वडील सकाळच्या लोकलने कामाला निघतात आणि नातवंडांचा दिवस आजी-आजोबांच्या हाती असतो. शाळेतून आल्यावरचा खाऊ, संध्याकाळचे बिस्कीट, रात्रीचे दूध हे सारे आपल्याच नजरेखालून जाते. म्हणून या दाढेची गाठ सर्वप्रथम आपल्याशी पडते. तिला कीड लागण्यापूर्वीच एक साधे संरक्षण देता येते. त्याला दंतवैद्यकात ‘सीलंट’ म्हणतात.

दाढ ओळखावी कशी?

मुलाला उजेडात बसवावे आणि हाती छोटी बॅटरी घ्यावी. खालच्या जबड्याच्या मध्यापासून एका बाजूला दात मोजत जावे. पुढचा दात पडला असेल तर त्याची मोकळी जागाही मोजावी. दुधाचे दात प्रत्येक बाजूला पाचच असतात. पाचव्याच्या मागे सहावा दिसला, तर ती कायमची पहिली दाढ होय. चारही कोपऱ्यांत अशी एकेक, म्हणजे एकूण चार दाढा येतात. त्यांच्या मागच्या कायमच्या दुसऱ्या दाढा साधारण बाराव्या वर्षी येतात. काही मुलांमध्ये यात थोडे मागेपुढे होते, त्याची काळजी करू नये.

कीड दाढेलाच आधी का लागते?

जात्याला टाकी लावलेली आपण पाहिली असेल. त्या खाचांमुळे धान्य भरडले जाते, पण पीठही त्याच खाचांत दाटून बसते. दाढेच्या माथ्याची रचना काहीशी अशीच असते. त्यावरील उंचवट्यांमध्ये बारीक, खोल चिरा असतात. कित्येक चिरा इतक्या अरुंद असतात की ब्रशचा एक केसही त्यांच्या तळाशी पोहोचत नाही. मूल कितीही मन लावून दात घासो, त्या चिरांतील अन्नकण तेथेच राहतात.

तोंडातील जंतू या अन्नकणांतील साखर व पिष्ट वापरतात आणि त्यातून आम्ल तयार होते. आम्लता ठराविक मर्यादेपलीकडे गेली, म्हणजे पीएच सुमारे ५.५ च्या खाली उतरला, की दाताच्या पांढऱ्या कठीण आवरणातील खनिजे विरघळू लागतात. लाळ ही झीज काही प्रमाणात भरून काढते, परंतु तासातासाला काही ना काही गोड तोंडात जात असेल तर लाळेला तेवढी उसंत मिळत नाही. नुकत्याच आलेल्या दाढेचे आवरण पुरेसे पक्के झालेले नसते, म्हणून पहिली काही वर्षे अधिक जोखमीची असतात.

चिरा बुजवण्याची कल्पना

चिरांच्या तळाशी ब्रश पोहोचत नसेल तर त्या चिरा वरूनच बंद कराव्यात, हा विचार सोपा आहे. अडचण होती ती ओल्या तोंडातील गुळगुळीत दातावर काही चिकटवण्याची. अमेरिकेतील रॉचेस्टर येथील संशोधक मायकेल बुओनोकोर यांनी १९५५ साली तिच्यावर उपाय शोधला. धातूवर रंग पक्का बसावा म्हणून कारखान्यांत फॉस्फोरिक आम्लाचा वापर होत असे. तेच तत्त्व त्यांनी दाताला लावले. आम्लाने दाताच्या पृष्ठभागावर सूक्ष्म खडबडीतपणा येतो आणि त्यात राळेसारखा पदार्थ रुतून बसतो. १९६७ मध्ये त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्याने दाढांच्या चिरा बुजवण्याच्या प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. आजचे सीलंट त्याच मार्गाने विकसित झाले आहेत.

अमेरिकेच्या सीडीसी या आरोग्यसंस्थेच्या माहितीनुसार मागच्या दातांवर लावलेले सीलंट पहिली दोन वर्षे सुमारे ८० टक्के किडीपासून संरक्षण देतात, आणि चार वर्षांपर्यंत हे प्रमाण सुमारे ५० टक्के राहते. मुलांच्या कायमच्या दातांतील दहापैकी नऊ किडी मागच्या दातांतच आढळतात, हे लक्षात घेतले की या आकड्यांचे मोल कळते.

दंतवैद्यांकडे काय होते?

सीलंट लावताना सुई नसते, कोरणे नसते आणि वेदनाही नसते. हे मुलाला आधीच सांगावे. ‘घाबरू नकोस, दुखणार नाही’ असे वारंवार म्हटल्याने मुलाच्या मनात नसलेली भीती निर्माण होते. त्यापेक्षा ‘तुझ्या नव्या दाढेला आज रेनकोट घालायचा आहे’ एवढे सांगणे पुरे.

प्रथम दाढ स्वच्छ केली जाते. भोवती कापूस ठेवून ती कोरडी करतात. त्यानंतर आम्लयुक्त जेल काही सेकंद लावून धुतात व दाढ पुन्हा कोरडी करतात. या वेळी दातावर खडूसारखी पांढरट छटा दिसते. मग पातळ सीलंट चिरांत सोडून त्यावर निळसर प्रकाश धरला जातो आणि ते कडक होते. एका दाढेला काही मिनिटेच लागतात. दाढ कोरडी राहणे हा यातील सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. लाळ लागली तर सीलंट लवकर निघते. म्हणून मूल तेवढा वेळ तोंड उघडून स्थिर बसू शकेल अशी वेळ निवडावी. झोपेची किंवा भुकेची वेळ टाळावी.

दाढ अर्धीच वर आली असेल आणि ती कोरडी ठेवणे कठीण असेल, तर दंतवैद्य ग्लास आयोनोमर नावाचे सिमेंट सुचवू शकतात. ते ओलावा अधिक सहन करते व त्यातून फ्लोराइड झिरपते. राळेच्या सीलंटइतके ते टिकत नाही, परंतु दाढ पूर्ण वर येईपर्यंतचा धोक्याचा काळ त्याने निभावतो.

मनात येणाऱ्या शंका

*आत कीड कोंडली जाईल का?* दाढेला खड्डा पडला असेल तर सीलंट नव्हे, भरणी करावी लागते. मात्र किडीची केवळ सुरुवात असेल, खड्डा नसेल, तर सीलंट लावल्याने जंतूंचे अन्न तुटते आणि कीड पुढे सरकण्याची शक्यता कमी होते. हा निर्णय तपासणीनंतर दंतवैद्यांनीच घ्यावा.

*हे प्लॅस्टिक पोटात गेले तर?* काही सीलंटमधून बीपीए या रसायनाचा अत्यल्प अंश सुरुवातीच्या काही तासांत लाळेत उतरू शकतो. ते प्रमाण इतके कमी असते की दंतवैद्यकातील मान्यवर संस्था ते सुरक्षित मानतात. लावल्यानंतर पृष्ठभाग पुसून घेतला व मुलाने चूळ भरली की तो अंश आणखी घटतो.

*एकदा लावले की झाले का?* नाही. सीलंट झिजते, क्वचित त्याचा टवका उडतो. दर सहा महिन्यांनी ते तपासून घ्यावे आणि गरज पडल्यास पुन्हा लावावे. दोन दातांच्या फटींत सीलंट पोहोचत नाही, तेव्हा घासणे सुटत नाही. फ्लोराइडयुक्त पेस्टने दिवसातून दोनदा दात घासावेत. तीन वर्षांखालील मुलांसाठी तांदळाच्या दाण्याएवढी आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी वाटाण्याएवढी पेस्ट पुरते. सात-आठ वर्षांपर्यंत मोठ्यांनी एकदा तरी स्वतः हाताने मुलाचे दात घासून द्यावेत. रात्रीचे गोड दूध घासण्याआधी द्यावे, नंतर नव्हे.

आता थोडे आपल्या दातांकडे

हे वाचताना ‘आमच्याही दाढांना सीलंट लावता येईल का?’ असा प्रश्न मनात येणे स्वाभाविक आहे. दाढेच्या चिरा खोल असतील आणि तेथे पूर्वीची भरणी नसेल, तर मोठ्या वयातही ते लावता येते. परंतु उतारवयातील कीड बहुधा वेगळ्या वाटेने येते. हिरड्या खाली सरकतात आणि दाताचे मूळ उघडे पडते. मुळावर माथ्यासारखे कठीण आवरण नसते. त्यामुळे पीएच ५.५ पर्यंत उतरण्याची वाट न पाहता, त्याहून सौम्य आम्लतेतही मूळ विरघळू लागते. मिश्री, राखुंडी, कोळशाची पूड किंवा कडक ब्रश यांनी ही झीज वाढते. मिश्रीत तंबाखू असतो आणि त्याने मुखकर्करोगाचा धोका निर्माण होतो, म्हणून ती सोडणे सर्वांत हिताचे.

दुसरे कारण कोरडे तोंड. ॲलर्जी, नैराश्य, लघवीवरील ताबा यांसाठीची आणि रक्तदाबावरील काही औषधे लाळ कमी करतात. औषध स्वतःहून बंद करू नये, मात्र तोंड कोरडे पडते हे डॉक्टरांना अवश्य सांगावे. घोटघोट साधे पाणी पीत राहावे. घसा ओला ठेवण्यासाठी दिवसभर गोड गोळी चघळणे, किंवा पुन्हा पुन्हा साखरेचा चहा घेणे, मुळांना फार महाग पडते.

मुळांच्या रक्षणासाठी दंतवैद्य ठराविक अंतराने फ्लोराइडचा वार्निशासारखा लेप देतात. चालू असलेली कीड थांबवण्यासाठी सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड हे द्रव्य नुसते लावता येते. त्याने किडलेला भाग कायमचा काळा पडतो, पण कोरण्याची गरज टळू शकते. अंथरुणाला खिळलेल्या किंवा स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तींसाठी हा मोठा दिलासा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये फ्लोराइड पेस्ट, ग्लास आयोनोमर सिमेंट आणि हे द्रव्य या तिन्हींचा अत्यावश्यक औषधांच्या यादीत समावेश केला.

शुश्रूषा करणाऱ्यांनी रुग्णाला शक्य तितके उठवून बसवून, मऊ व लहान डोक्याच्या ब्रशने आणि अगदी थोड्या पेस्टने दात घासावेत. आडव्या स्थितीत पाणी श्वासमार्गात जाण्याचा धोका असतो. हिरडीलगत पिवळसर-तपकिरी मऊ डाग दिसला, तर दुखण्याची वाट न पाहता तपासून घ्यावे.

कोठे जावे?

या बाबतीत नवी मुंबई सुदैवी आहे. नेरूळला डी. वाय. पाटील आणि तेरणा, बेलापूरला भारती विद्यापीठ, खारघरला वाय.एम.टी. आणि कामोठ्याला एम.जी.एम. अशी दंतमहाविद्यालये या एकाच परिसरात आहेत. महाविद्यालयांत अनुभवी शिक्षकांच्या देखरेखीखाली विद्यार्थी उपचार करतात. खर्च सहसा खासगी दवाखान्यापेक्षा कमी असतो, वेळ मात्र हाताशी ठेवावा लागतो. नातवंडासाठी बालदंतरोग विभागात चौकशी करावी. शासकीय व अनुदानित शाळांतील मुलांची तपासणी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात होते आणि तीत दातांच्या तक्रारींचाही समावेश आहे. हा कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील पालघर येथून सुरू झाला. शाळेने दातांविषयी चिठ्ठी दिली असेल तर ती दप्तरात पडून राहू देऊ नये.

दंतवैद्यांना तीन गोष्टी विचाराव्यात: चारही दाढा पूर्ण वर आल्या आहेत का, चिरा सीलंट लावण्याजोग्या खोल आहेत का, आणि पुढील तपासणी कधी? उथळ चिरा असलेल्या, कीड लागण्याची शक्यता कमी असलेल्या मुलाला सीलंटची गरज नसेलही. तसे सांगितले तर आग्रह धरू नये.

नातवंडाच्या सहाव्या आणि बाराव्या वाढदिवसाची तारीख दिनदर्शिकेवर आधीच मांडून ठेवावी आणि त्या महिन्यात दाढा मोजाव्यात. त्याच भेटीत आपल्याही दातांची मुळे दाखवून घ्यावीत.