हलू नकोस, फोटो बिघडेल!

एम.आर.आय. म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर येतं ते एक भलंमोठं पांढरं यंत्र, त्यातला बोगदा आणि बाहेर ताटकळत बसलेले नातेवाईक. पण हेच यंत्र आजारी माणसांऐवजी चांगल्या धडधाकट मुलांसाठी, निव्वळ अभ्यास म्हणून वापरायचं ठरवलं तर? सेमिनारला विषय शोधताना मी अमेरिकेतल्या ‘एबीसीडी’ नावाच्या प्रकल्पाबद्दल वाचायला घेतलं. इन्स्ट्रुमेंटेशनची विद्यार्थिनी असल्यामुळे वाटलं, मॅग्नेट, कॉइल, फूरिये ट्रान्सफॉर्म ही ओळखीची मंडळी भेटतील. ती भेटलीच, पण खरी गंमत वेगळीच निघाली. इतक्या महागड्या यंत्राचं सगळं गणित अडून बसतं ते नऊ-दहा वर्षांच्या पोराने डोकं किती हलवलं यावर!

आधी प्रकल्पाची ओळख करून देते. ‘अ‍ॅडोलेसंट ब्रेन कॉग्निटिव्ह डेव्हलपमेंट’ हे त्याचं पूर्ण नाव. वाढत्या वयात मेंदू कसा घडतो आणि झोप, खेळ, घरची परिस्थिती, मोबाइल, व्यसनं यांचा त्याच्याशी काय संबंध असतो, हे शोधणं हा त्याचा हेतू. २०१६ ते २०१८ या काळात ९ ते १० वर्षे वयाची सुमारे ११,८८० मुलं त्यात घेतली गेली, बहुतेक शाळाशाळांतून. केंद्रं २१, त्यातली बरीचशी विद्यापीठांतली, आणि समन्वय सॅन डिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाकडे. प्रत्येक मुलाचा दहा वर्षं पाठपुरावा करायचा आणि दर दोन वर्षांनी मेंदूची चित्रं घ्यायची, अशी योजना.

इतकी मुलं कशाला, असं मलाही वाटलं होतं. कारण साधं आहे. मेंदूतले फरक आणि वागण्यातले फरक यांचा संबंध असतो, पण फार बारीक. २०२२ साली ‘नेचर’मध्ये आलेल्या एका अभ्यासात एबीसीडी धरून तीन मोठ्या प्रकल्पांतल्या सुमारे ५०,००० माणसांची माहिती तपासली गेली. असे संबंध भरवशाने सांगायचे तर हजारो माणसं लागतात, असा निष्कर्ष निघाला. आणि तोवरच्या नेहमीच्या अभ्यासात माणसं असायची किती? साधारण पंचवीस!

आता यंत्राकडे वळू. त्यातलं चुंबकीय क्षेत्र ३ टेस्ला, म्हणजे पृथ्वीच्या क्षेत्राच्या साधारण साठ हजार पट. या क्षेत्रात शरीरातल्या पाण्यामधली हायड्रोजनची केंद्रकं सुमारे १२८ मेगाहर्ट्झच्या रेडिओ लहरींना प्रतिसाद देतात, आणि तो प्रतिसाद पकडून चित्र तयार होतं. मेंदूचं काम चालू असताना पाहायचं असेल तर रक्तातल्या ऑक्सिजनमुळे सिग्नलमध्ये होणारा बदल मोजतात. एबीसीडीत मेंदूचे २.४ मिलिमीटरचे छोटे छोटे ठोकळे कल्पून दर ०.८ सेकंदाला संपूर्ण मेंदूचं एक चित्र घेतात. ज्या बदलासाठी हा खटाटोप, तो असतो एखाद-दोन टक्के. डोकं अर्धा मिलिमीटर जरी सरकलं, तरी ठोकळ्यात वेगळाच भाग येतो आणि हा इवलासा बदल त्यात बुडून जातो. चौथीतल्या कुठल्याही मुलाला पाच मिनिटं एका जागी बसवून पाहा. इथे तर दीड-दोन तासांचा मामला, आणि कानाशी यंत्राची ठकठक.

तुम्ही म्हणाल, नॉइज आहे तर शंभर रीडिंग घ्या आणि सरासरी काढा. लॅबमध्ये आपण तेच करतो. पण ही युक्ती चालते ती नॉइज रँडम असला तर. इथे मेख अशी की लहान मुलं जास्त हलतात आणि मोठी कमी. म्हणजे नॉइज नेमका वयाशीच बांधलेला! मुलं वाढवत न्याल तशी ही चूक कमी होत नाही, उलट ती जास्त ठामपणे ‘निष्कर्ष’ म्हणून समोर येते.

हे नुसतं पुस्तकी नाही, प्रत्यक्षात घडलं आहे. वय वाढतं तसे मेंदूतल्या जवळजवळच्या भागांमधले दुवे सैल होतात आणि दूरच्या भागांमधले घट्ट होतात, असं चित्र संशोधनात रूढ होऊ लागलं होतं. २०१२ मध्ये सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या गटाने दाखवलं की नुसत्या डोकं हलण्यानेसुद्धा असंच चित्र तयार होतं. जवळचे दुवे आहेत त्याहून बळकट दिसतात, दूरचे कमकुवत. विशेष म्हणजे आधीच्या त्या चित्राला हातभार लावणाऱ्यांत हाच गट होता, आणि स्वतःचंच काम पुन्हा तपासायचं धैर्य त्यांनी दाखवलं. मेंदू वाढत नाही असं नव्हे, पण ‘वाढ’ म्हणून जे दिसत होतं त्यातला काही भाग निव्वळ चुळबुळीचा होता.

मग हललेल्या मुलांची चित्रं सरळ टाकून का देत नाहीत? टाकतात, पण त्यालाही किंमत आहे. एबीसीडीच्या माहितीवर २०२२ मध्ये झालेल्या एका तपासणीत दिसलं की अशी गाळली जाणारी मुलं आणि उरलेली मुलं घरची परिस्थिती वगैरे बाबतींत सारखी नसतात. म्हणजे सगळी चंचल मुलं वगळली की उरते ती शहाण्या बाळांची यादी, आणि तिला आपण ‘सर्वसामान्य मुलं’ म्हणणार! तेव्हा मुलाला आधीच स्थिर ठेवता येणं, हाच खरा उपाय.

म्हणूनच असा प्रकल्प चालवणं हे निम्मं इंजिनिअरिंग आणि निम्मं आईपण आहे, असं माझं मत झालं. खऱ्या यंत्राआधी मुलाला चुंबक नसलेल्या नकली स्कॅनरमध्ये झोपवून सराव देतात. यंत्राचा आवाज ऐकवतात, न हलता पडायला शिकवतात. स्कॅन चालू असताना डोकं किती हलतंय हे त्याच क्षणी मोजणारं सॉफ्टवेअर २०१७ पासून आहे. त्यामुळे पुरेसा चांगला डेटा मिळाला की थांबता येतं, नाही मिळाला तर मुलाला पुन्हा समजावता येतं. शिवाय २१ केंद्रांवर सीमेन्स, जीई आणि फिलिप्स अशी तीन कंपन्यांची यंत्रं. ती एकाच मापाने मोजतात ना, हे पाहायला ‘फँटम’ नावाचा ठरावीक नमुना स्कॅन करतात. आपल्या कॅलिब्रेशनचाच हा थोरला भाऊ.

बाकी व्याप निराळाच. आई-वडिलांची लेखी संमती हवी आणि मुलाचा स्वतःचा होकारही. दातांना तारा बसवल्या की चित्र बिघडतं. कुटुंबं गाव बदलतात. मार्च २०२० मध्ये करोनामुळे स्कॅनिंगच थांबलं, मुलाखती दुरून घ्याव्या लागल्या. आणि सगळ्यात नाजूक भाग म्हणजे चित्रात अचानक काही वेगळं दिसलं तर! पाचातल्या साधारण एका मुलात असं काही ना काही आढळलं आणि पंचविसातल्या एकाच्या पालकांना पुढच्या तपासणीचा सल्ला द्यावा लागला. त्यामुळे डॉक्टरची नजर आणि पालकांशी नीट बोलणारं माणूस, दोन्ही हाताशी लागतं.

आपल्याकडेही बंगळुरूच्या निम्हान्सच्या पुढाकाराने ‘सी-वेदा’ हा अभ्यास ६ ते २३ वर्षे वयोगटासाठी देशातल्या सात केंद्रांवर उभा राहिला. त्यामुळे हे काम फक्त अमेरिकेचं, असं समजायचं कारण नाही.

तेव्हा मित्रमैत्रिणींनो, ‘अमुक गोष्टीमुळे मुलांचा मेंदू बदलतो’ अशी बातमी पेपरात वाचलीत तर लगेच धाकट्या भावाला धारेवर धरू नका. आधी तीन प्रश्न विचारा. मुलं किती होती? डोकं हलण्याचा हिशेब केला का? आणि यादीतून कोणाला गाळलं? उत्तरं समाधानकारक असतील, तर मग भावाकडे बघता येईल.