वेष आणि ‘मी’: यॉर्कच्या बायबल-नाट्यांतील पात्रसिद्धी

मराठीतील ‘सोंग’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. देवादिकांचा वेष घेऊन उभे राहणे हे सोंग, आणि नसलेले असल्यासारखे भासविणे हेही सोंग. भारूड पाहणाऱ्याला या दुहेरी अर्थाची अडचण क्वचितच वाटली असेल. मध्ययुगीन इंग्लंडात मात्र नेमका हाच प्रश्न वादाचा झाला होता. खिळे घडविणारा एखादा कारागीर ख्रिस्ताचा वेष घेऊन ‘मी’ म्हणतो, तेव्हा तो ‘मी’ कोणाचा समजावयाचा?

बायबल वाचून दाखविले जाते तेव्हा हा प्रश्न उद्भवत नाही. तेथे निवेदक ‘तो म्हणाला’ असे म्हणतो आणि स्वतः बाजूला राहतो. विंचेस्टरच्या बिशप एथेलवोल्डने इ. स. ९७० च्या सुमारास मठांसाठी जी नियमावली सिद्ध केली, तीत हे निवेदन गळून पडताना दिसते. ईस्टरच्या पहाटे एक भिक्षू शुभ्र अंगरखा घालून, हाती ताडपत्राची डहाळी घेऊन, गुपचूप थडग्यापाशी जाऊन बसतो. इतर तिघे धूपदाने घेऊन, काहीतरी शोधीत असल्याप्रमाणे, हळूहळू त्याच्याकडे येतात. बसलेला विचारतो, तुम्ही कोणाला शोधता? हे देवदूत आणि थडग्यापाशी आलेल्या स्त्रिया यांचे अनुकरण आहे, असे नियमावलीच सांगते. कपडे मात्र उपासनेतलेच आहेत. तृतीय पुरुष जाऊन द्वितीय पुरुष आला, एवढ्याने पात्र उभे राहिले.

यॉर्कमध्ये हीच क्रिया मठाबाहेर, लोकभाषेत घडली. तेथील नाट्यांच्या गाड्यांचा पहिला उल्लेख १३७६ चा असून जुन्या परंपरेतील शेवटचा प्रयोग १५६९ मध्ये झाला. कॉर्पस ख्रिस्तीच्या सणादिवशी पहाटेपासून एकामागून एक गाडे शहरातून ओढले जात, ठरलेल्या ठिकाणी थांबत आणि प्रत्येक ठिकाणी आपला प्रवेश पुन्हा सादर करीत. प्रवेश व्यवसायवार वाटून दिलेले होते. नोहाचे तारू जहाज बांधणाऱ्यांकडे, अखेरचे भोजन रोटी भाजणाऱ्यांकडे, क्रूसारोहण टाचण्या-खिळे करणाऱ्यांकडे. या वाटणीत विनोद आहे खरा, पण औचित्यही तितकेच आहे.

वाटणीचा एक परिणाम भाषाशास्त्राच्या दृष्टीने मोलाचा आहे. प्रत्येक व्यवसायाचा नट वेगळा असल्यामुळे एकाच दिवशी वीसच्या आसपास निरनिराळे पुरुष ख्रिस्त होत. ‘मी’ हे सर्वनाम ज्याच्या तोंडी असेल त्याचे होते. त्याला स्वतःचा स्थिर अर्थ नाही. मग वीस तोंडांतून निघणारा ‘मी’ एकाच व्यक्तीचा आहे हे प्रेक्षकाने कशावरून ओळखावे? चेहऱ्यावरून नव्हे, हे उघड आहे. अंतिम न्यायाचा प्रवेश सादर करणाऱ्या व्यापाऱ्यांची १४३३ ची सामानाची यादी उपलब्ध आहे. तीत देवाच्या वेषाखाली जखमा असलेला सदरा, मुकुट आणि सोनेरी मुलामा दिलेला मुखवटा एवढे नोंदलेले आहे. तिघा सैतानांसाठी तीन मुखवटे आहेत, पण त्यांवर तोंडे सहा! जखमांचा सदरा येथे निव्वळ शोभेसाठी नाही. क्रूसावर गेलेला तोच न्यायासनावर बसला आहे, हे तो सदराच सांगतो. माझ्या मते या नाट्यांत वेष हाच ‘मी’ या सर्वनामाचा संदर्भ आहे.

क्रूसारोहणाच्या प्रवेशात याची कसोटी लागते. चार सैनिक सतत बोलत असतात. भोके चुकीच्या अंतरावर पाडली आहेत, हात पोचत नाही, दोराने ओढा, पाचर ठोका. ही कामावरच्या माणसांची कुरकुर आहे, आणि ती लिहिणाऱ्याला कारखान्यातील बोलणे चांगले ठाऊक होते. त्या तीनशे ओळींत ख्रिस्त दोनदाच बोलतो, दर वेळी बारा ओळी. पहिले बोलणे पित्याला उद्देशून आहे. दुसरे, क्रूस उभा झाल्यावर, रस्त्याने जाणाऱ्या सर्व माणसांना. रस्ता कोणता? जेरुसलेमचा म्हणावा, तर समोर यॉर्कचाच रस्ता आहे आणि त्यावर यॉर्कचेच लोक उभे आहेत. ‘तुम्ही’ या एका शब्दासरशी प्रेक्षकही पात्रांत ओढले जातात. वर्गात हा उतारा शिकविताना विद्यार्थी सैनिकांच्या बोलण्याला हसतात आणि येथे येऊन गप्प होतात, असा माझा अनुभव आहे.

याच सामर्थ्याचे काहींना भय वाटले. चौदाव्या शतकाच्या अखेरीस किंवा पंधराव्याच्या आरंभी लिहिलेल्या एका अनामिक इंग्रजी प्रबंधात अशा खेळांवर कडक टीका आहे. ख्रिस्ताने जे गांभीर्याने केले ते आपण खेळ म्हणून करू नये, हा त्याचा मुख्य मुद्दा. खेळांच्या समर्थकांचे म्हणणेही तो नोंदवितो. चित्र चालते तर नाट्य का नको? चित्र हे निर्जीव पुस्तक, नाट्य हे सजीव. आक्षेपकाची बाजू पोकळ म्हणता येत नाही. चित्र ‘मी’ म्हणत नाही; नट म्हणतो, आणि जो ‘मी’ म्हणतो त्याच्यावर त्या बोलण्याचे उत्तरदायित्व येते, ही भाषेची सर्वसाधारण रीत आहे. वेष ते उत्तरदायित्व दुसऱ्याकडे वळवितो की नाही, एवढाच वाद उरतो.

१९५१ मध्ये यॉर्कच्या सेंट मेरी मठाच्या भग्नावशेषांत ही नाट्ये पुन्हा उभी राहिली तेव्हा ती एकाच मंचावर संक्षिप्त रूपात झाली आणि ख्रिस्ताचे काम सर्वत्र एकाच नटाने केले. प्रयोग गाजला, पण ओळख सदऱ्याकडून चेहऱ्याकडे गेली. १९९४ पासून गाडे पुन्हा यॉर्कच्या रस्त्यांवर येऊ लागले आहेत. प्रत्येक गाड्याचा नटसंच वेगळा असतो, आणि पुढचा गाडा थांबला की प्रेक्षकाला आधी कपडेच पाहावे लागतात.