एकच कथा, दोन तबकड्या

मंडळी, आज ज्या वस्तूविषयी बोलावयाचे ती दिसावयास अगदी साधी आहे. बारा सेंटिमीटर व्यासाची, आरशासारखी चकाकणारी, घरबसल्या चित्रपट दाखविणारी तबकडी. दुकानांतून ती आता जवळजवळ दिसेनाशी झाली. पण महाड-पोलादपूरकडील कपाटांतून ती अजून आहे. कोणा चाकरमान्याने गणपतीला येताना मुंबईहून आणलेली, कोणी आखाती देशांतून धाडलेली, कोणी छबिन्याच्या जत्रेत घेतलेली. जुलै २०२१ च्या महापुरात महाडच्या घरांत पाणी शिरले. अशा पाण्यात वेष्टनाच्या कागदाचा लगदा होतो. तबकडी मात्र धुऊन पुसून पुन्हा चालू शकते. मग वेष्टन गेल्यावर ती कोणत्या भाषेची आणि कोणत्या मुलखासाठी काढलेली आवृत्ती आहे, हे ओळखावे कसे?

कोणी म्हणेल, यात ओळखावयाचे काय? कथा तीच, मग एक तबकडी ठेवावी आणि दुसरी टाकून द्यावी. आमचा विरोध आहे तो नेमका याच विचाराला.

'प्रभात' कंपनीचे उदाहरण घ्या. १९२९ साली कोल्हापुरात निघालेल्या आणि १९३३ साली पुण्यास आलेल्या या कंपनीने आपले पुष्कळ चित्रपट मराठी आणि हिंदी असे दोनदा चित्रित केले. १९३२ चा 'अयोध्येचा राजा' हिंदीत 'अयोध्या का राजा' झाला. १९३७ चा 'कुंकू' 'दुनिया न माने' झाला. १९३९ चा 'माणूस' 'आदमी' झाला. ही भाषांतरे नव्हेत. नटांनी तोच प्रसंग दुसऱ्या भाषेत पुन्हा वठविला आहे. १९४१ च्या 'शेजारी'त जिवबा केशवराव दाते आहेत, तर 'पडोसी'त त्याच्या जागी ठाकूर म्हणून मझहर खान आहेत. दोहोंत मिर्झा मात्र गजानन जागीरदारच. धरण बांधू पाहणारा धनिक दोन जिवलग शेजाऱ्यांत फूट पाडतो, ही त्याची कथा. महाडच्या औद्योगिक वसाहतीत आम्ही मराठी आणि हिंदी अशी दोन पत्रके काढतो, तेव्हा मागणी एकच असली तरी वाक्ये वेगळी लिहावी लागतात. कारण ऐकणारा माणूस वेगळा असतो. 'शेजारी' आणि 'पडोसी' यांचेही तसेच आहे. एक टाकून दुसरी ठेवली, तर एका माणसाशी केलेले बोलणे आपण पुसून टाकतो.

आता ओळखण्याची रीत. प्रथम तबकडीची जात पाहावी. व्हीसीडीत सुमारे सव्वा तासाचाच ऐवज मावतो. म्हणून एका चित्रपटाच्या दोन किंवा तीन तबकड्या असतात. त्यांपैकी एकच हाती आली, तर चित्रपट अपुरा आहे असे समजावे. व्हीसीडीला प्रदेशाचे बंधन नसते. डीव्हीडीला ते असू शकते. कंपन्यांनी बाजारपेठेसाठी जगाचे सहा भाग पाडले. भारत पाचव्यात, आखाती देश दुसऱ्यात आणि अमेरिका पहिल्यात. हा आकडा पृथ्वीगोलाच्या लहानशा चित्रात छापतात. आखातातून आलेली तबकडी येथील यंत्रावर चालली नाही, तर ती बिघडलीच असे मानू नये. आधी आकडा पाहावा. पुष्कळ भारतीय तबकड्या सर्व प्रदेशांत चालतील अशाच काढलेल्या असतात.

पण आकडा बाजारपेठ सांगतो, भाषा सांगत नाही. कॅनडा हा इंग्रजी आणि फ्रेंच अशा दोन राजभाषांचा देश आहे. परंतु त्याचा आकडा अमेरिकेचाच, म्हणजे एक. त्यामुळे तेथील आवृत्ती ओळखावयाची तर वेष्टनावर इंग्रजीच्या जोडीला फ्रेंच मजकूर आहे काय, हे पाहावे लागते. आपल्याकडे वेष्टनच नसेल, तर आरंभी दिसणारे सेन्सॉरचे प्रमाणपत्र थांबवून वाचावे. त्यावर चित्रपटाचे नाव आणि भाषा असते. त्यावरील तारीख मात्र चित्रपट निघाल्याची तारीख मानू नये. जुन्या चित्रपटाला नवे प्रमाणपत्र मिळालेले असू शकते.

प्रमाणपत्र नसेल, तर ओठांकडे पाहावे. शब्द आणि ओठ जुळले, तर त्या भाषेत चित्रण झाले आहे. सतत चुकत असतील, तर आवाज मागाहून चढविला आहे. डीव्हीडीत आठपर्यंत ध्वनिपट्ट्या मावतात. म्हणून हिंदी ऐकू आले एवढ्यावर निर्णय न देता भाषेची यादी उघडून पाहावी.

लांबीवरूनही फसगत होते. चित्रपट सेकंदाला २४ चित्रांच्या गतीने घेतात. आपल्याकडील पाल पद्धतीत तो २५ च्या गतीने धावतो. त्यामुळे दोन तासांचा चित्रपट सुमारे पाच मिनिटे लवकर संपतो. कोणी कात्री लावली, असा आरोप करण्यापूर्वी हा हिशेब करावा.

शेवटी तबकडी उलटी करून पाहावी. कारखान्यात ठसा उमटवून काढलेली व्हीसीडी खालून रुपेरी दिसते. घरी किंवा दुकानात नक्कल केलेलीच्या खालच्या बाजूस बहुधा निळसर, जांभळी वा हिरवट झाक असते. नक्कल असली तरी ती लगेच टाकू नये. एखाद्या घरी तीच एकमेव मराठी प्रत असेल.

हजेरीपटावर एकाचे नाव आणि यंत्रावर दुसराच माणूस असला, की पगाराच्या दिवशी अन्याय होतो. तबकडीचेही नाव बिनचूक लागले पाहिजे. एका कागदावर चित्रपट, भाषा, साल, कितवी तबकडी आणि प्रदेशाचा आकडा एवढे लिहावे आणि तो कागद तिच्या घडीत ठेवावा. बॉलपेनने तबकडीवर मात्र लिहू नये. व्हीसीडीत चित्राचा थर नावाच्या बाजूलाच, अगदी वर असतो, आणि टोक रुतले की तेवढे चित्र कायमचे जाते.