पाचट कुट्टी यंत्राच्या पोटातला थर



खोडव्याचे पाचट पेटवू नका, हे सांगण्यात या पानांची बरीच शाई खर्ची पडली आहे, आणि तुमच्यापैकी पुष्कळांनी ते मनावरही घेतले आहे. तोडणीनंतर एका हेक्टरात साधारण ८ ते १० टन पाचट राहते. ते बारीक कुट्टी करून रानात पसरावे, टनाला ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजविणारे जिवाणू द्यावेत, बुडखे जमिनीलगत छाटावेत, हे आता बहुतेकांना तोंडपाठ आहे. त्याची उजळणी आज करीत नाही. आज बोलायचे आहे ते कुट्टी करणाऱ्या यंत्राविषयी, आणि त्यातही त्याच्या अशा भागाविषयी, ज्याकडे सहसा कोणी वाकून पाहत नाही.

ट्रॅक्टरमागे जोडतात ते पाचट कुट्टी यंत्र, ज्याला आपल्याकडे मल्चरही म्हणतात, वरून पाहिले तर रंगीत पत्र्याचे धूड दिसते. त्या पत्र्याच्या पोटात आडवा रोटर असतो आणि त्यावर पिनेला लटकणारी पाती. पीटीओच्या मिनिटाला ५४० फेऱ्या गिअरबॉक्स आणि पट्ट्यांमधून वाढत जाऊन रोटरला दीड-दोन हजारांच्या घरात जातात. पाती पाचट उचलतात, पत्र्याच्या आतल्या बाजूला घासून तोडतात आणि मागे फेकतात. म्हणजे तोडण्याचे काम नुसते पाती करीत नाहीत, वरचा पत्राही करतो. पाती आणि पत्रा यांच्यामध्ये काही बोटांचीच फट असते. या फटीतून पाचट सरकते आणि वाराही जातो. रोटर पंख्यासारखे काम करतो, आणि त्या वाऱ्यावरच पाचट आत ओढले जाऊन मागे उडते.

आता या फटीत काय बसते ते पाहू. पहाटेच्या दवाने पाचट ओले असते. त्यात हिरवे वाढे असते, तोडणी कामगारांच्या हातून सुटलेली कांडी असतात. कांडे पात्याखाली फुटले की रस उडतो. यंत्र जरा खाली लावलेले असेल तर वरंब्याची माती खरवडली जाते. ओले पाचट, माती आणि उसाचा रस या तिघांचे मिळून जे चिकाट होते ते पत्र्याला लिंपल्यासारखे बसते. ज्यांनी गुऱ्हाळ चालवले आहे त्यांना हे निराळे सांगायला नको. आदण उतरल्यावर काहील लगेच धुतली तर हात फिरवला तरी निघते, आणि रात्रभर ठेवली तर सकाळी छिन्नी घ्यावी लागते. यंत्राच्या पोटात तेच होते. पहिल्या दिवशीचा थर संध्याकाळी लाकडाने निघतो. चार दिवसांचा थर विटेसारखा होतो आणि त्यावर पाचवा दिवस आणखी चढतो.

बरेच ट्रॅक्टरवाले म्हणतात, “असू द्या हो आप्पा, आतून पत्र्याला अस्तर झालं, पत्रा झिजत नाही.” ऐकायला बरे वाटते, पण खरे नाही. थराखाली ओल धरून राहते. रसातली साखर आंबते, आम्ल होते आणि पत्रा आतून गंजत जातो. वरून रंग शाबूत असतो आणि एक दिवस दगड लागला की पापुद्र्यासारखे भोक पडते. वेल्डिंगवाला ठिगळ लावतो, पण ठिगळाची कड आत राहते आणि पुढचा थर तिथूनच धरू लागतो.

गंज हे सावकाश होणारे नुकसान. लगेच होणारे नुकसान रानात दिसते. फट कमी झाली की वारा कोंडतो, पाचट आत ओढले जात नाही आणि जे गेले ते नीट तुटत नाही. बोटभर तुकडे पडायचे तिथे वीत-वीतभर लांब पाने पडू लागतात. असे लांब पाचट जमिनीला चिकटत नाही, वाऱ्याने एका बाजूला ढीग होतो, जिवाणू आणि खत त्याला सारखे लागत नाही, आणि ढिगाखालचे फुटवे पिवळे पडून दबतात. मग आपण म्हणतो, “कुट्टी करून बघितली, काय फायदा न्हाई.” दोष कुट्टीचा नसतो. त्या दिवशी यंत्र तोडत नव्हते, नुसते पाचट चिवडत होते. शिवाय ट्रॅक्टर दमतो, धूर काढतो, डिझेल जास्त जाते, पट्टे घसरून जळका वास येतो. एकरावर पैसे मोजणाऱ्या सभासदाला वाटते की डिझेल ट्रॅक्टरवाल्याचे गेले. पण जे रान नीट कापले गेले नाही ते सभासदाचेच.

तिसरे नुकसान समतोलाचे. थर सगळीकडे सारखा बसत नाही. रोटरवर एका अंगाला मातीचा गोळा धरला, किंवा एक पाते तुटून गेले, तर एवढ्या फेऱ्यांत ते वजन रोटरला एका बाजूला ओढते. फेऱ्या दुप्पट झाल्या की ही ओढ चौपट होते. यंत्र थरथरते, नटबोल्ट ढिले पडतात आणि बेअरिंग जातात. म्हणून पाते बदलताना समोरच्या बाजूचे पातेही त्याच वजनाचे असावे. नवे एकीकडे आणि अर्धे झिजलेले दुसरीकडे, असे चालत नाही.

आता साफ कसे करावे याआधी जे सांगायचे आहे ते नीट वाचावे. घरात जो ट्रॅक्टर चालवतो त्यालाही वाचून दाखवावे. थर काढताना होणारे अपघात थर न काढल्याने होणाऱ्या नुकसानीपेक्षा फार मोठे आहेत. पाचट अडकले, रोटर जड झाला, की घाईत ड्रायव्हर पीटीओ नुसता सोडतो, इंजिन चालूच ठेवतो आणि खाली उतरून हात घालतो. रोटर लगेच थांबत नाही, पीटीओ सोडल्यावरही तो काही वेळ फिरत राहतो, आणि मागच्या रबरी पडद्याआड तो फिरतोय की थांबलाय हे दिसतही नाही. पीटीओचा शाफ्ट सेकंदाला नऊ फेऱ्या घेतो. सव्वादोन-अडीच इंच जाडीचा शाफ्ट असला तरी एका सेकंदात सुमारे दोन मीटर कापड गुंडाळून घेतो. धोतराचा सोगा, गळ्यातले उपरणे, पदर, यांतले काहीही त्याला लागले तर ओरडायलाही वेळ मिळत नाही. शाफ्टवरचे प्लॅस्टिकचे आवरण मोडले म्हणून काढून टाकलेली यंत्रे आपल्या कार्यक्षेत्रात शोधायला लांब जावे लागणार नाही. ते आवरण एका एकराच्या भाड्यापेक्षा फार महाग नसते. मळणी यंत्रांत हात गेलेल्या माणसांची संख्या वाढली तेव्हा १९८३ साली सरकारला धोकादायक यंत्रांचा कायदा करावा लागला होता. कुट्टी यंत्र मळणी यंत्राचेच भावंड आहे, हे विसरू नये.

दुसरा धोका हायड्रॉलिकचा. यंत्र उचलायचे आणि खाली शिरून खरवडायचे, ही पद्धत सर्रास आहे. चार-सहा क्विंटलांचे लोखंड फक्त तेलाच्या दाबावर लटकलेले असते. पाइप फुटला, सील गेले, किंवा सीटवर खेळणाऱ्या पोराने दांडा ओढला, तर ते एका क्षणात खाली येते. म्हणून यंत्र उचलल्यावर दोन्ही बाजूंना बाभळीचे जाड ओंडके आडवे-उभे रचावेत आणि यंत्र त्यावर टेकवावे. विटा आणि दगड लावू नयेत, ते वजनाखाली फुटतात किंवा निसटतात. जमीन सपाट आणि टणक असावी, सरी-वरंब्यात हे काम करू नये. ब्रेक लावावा, चाकांना गुटके द्यावेत, पीटीओ सोडावा, इंजिन बंद करावे आणि किल्ली काढून जो खाली जाणार आहे त्याच्याच खिशात ठेवावी. ही शेवटची गोष्ट फुकट आहे आणि सगळ्यांत जास्त जीव वाचवणारी आहे.

एवढे झाल्यावर खरवडणे सोपे. यंत्र शेतातून निघाल्याबरोबर, थर ओला असतानाच करावे, वीस मिनिटे पुरतात. हातात जाड मोजे असावेत, कारण पाती झिजून धारदार झालेली असतात आणि पाचटाची कूसही लागते. डोळ्यांत माती पडते म्हणून चष्मा लावावा. लाकडाची रुंद पाचर किंवा बोथट पत्र्याची पट्टी घ्यावी. पहार आणि छिन्नी घेऊ नये, पत्र्याचा रंग उडाला की गंजाला दार उघडते. पत्र्याचे कोपरे, दोन्ही टोकांच्या भिंती आणि मागच्या रोलरच्या वरची खाच, इथे थर जास्त असतो. रोटर हाताने फिरवू नये, लांब काठीने फिरवावा. अडकलेले पाचट सुटले की तो एकदम झटका देतो, आणि लटकणारी पाती बोटांवर पडतात.

जुना, वाळलेला थर असेल तर अर्धा तास आधी पाणी मारून भिजत ठेवावा. परदेशात हिरवळ कापायची बसून चालवायची यंत्रे असतात, त्यांच्यातल्या काहींच्या पात्यांच्या डब्याला पाण्याची नळी जोडायला तोटीच दिलेली असते. पण तिथेही जुना थर नुसत्या पाण्याने जात नाही, शेवटी खरवडावाच लागतो. सर्व्हिसिंगच्या पंपाचा जोराचा फवारा बेअरिंगवर आणि गिअरबॉक्सच्या श्वासनळीवर मारू नये, पाणी आत गेले की ग्रीस आणि तेल धुपते.

काही जण खाली उतरण्याचा कंटाळा करतात, यंत्र पूर्ण उचलतात आणि मोकळेच जोरात फिरवतात, म्हणजे थर आपोआप उडेल. थर थोडा उडतो, त्याबरोबर दगडही उडतो, आणि मागे बांधावर कोण उभे आहे हे तो बघत नाही. शिवाय एवढ्या वाकड्या कोनात शाफ्टचे क्रॉस जातात.

पत्रा झाला की रोटरची दोन्ही टोके पाहावीत. तिथे पाचट आणि ठिबकच्या नळीचे तुकडे दोरीसारखे पिळून बसतात, आणि आत सरकत जाऊन बेअरिंगचे सील कापतात. हे कोयत्याने किंवा जुन्या करवतीच्या पात्याने कापून काढावे. काढल्यावर निप्पलला ग्रीस द्यावे, म्हणजे आत शिरलेली धूळ बाहेर ढकलली जाते. दिवसाचे काम संपल्यावर टोकाजवळच्या घरावर, अर्थात सगळे थांबल्यावर, पाणी शिंपडून पाहावे. चर्रकन वाफ झाली तर ते बेअरिंग पुढच्या रानात पेट घेणार असे समजावे. वाळल्या पाचटाच्या रानात एक तापलेले बेअरिंग पुरे होते, आणि ती आग बांधाशी थांबत नाही, शेजाऱ्याच्या उभ्या उसात जाते. ट्रॅक्टरवर पाण्याचा कॅन आणि भिजलेले पोते असावे. सायलेन्सरजवळ साचलेले पाचटही त्याच वेळी झाडून घ्यावे.

जळके ऑईल पत्र्याला आतून लावावे का, असे गट कार्यालयात पुष्कळ जण विचारतात. हंगाम चालू असताना लावू नये. त्याला धूळ उलट जास्त धरते आणि ते तेल तुमच्याच रानात ओघळते. हंगाम संपल्यावर यंत्र स्वच्छ धुऊन, उन्हात वाळवून, उघड्या पत्र्याला प्रायमर आणि रंग द्यावा, पट्टे सैल करावेत आणि यंत्र ओंडक्यांवर छपराखाली ठेवावे.

एक गोष्ट भाड्याने यंत्र घेणाऱ्या सभासदांसाठी. यंत्र या रानातून त्या रानात जाते तेव्हा पोटातल्या मातीबरोबर हराळीचे तुकडे आणि लव्हाळ्याच्या गाठीही जातात. ज्याने दहा वर्षे खुरपून रान स्वच्छ ठेवले त्याच्या रानात एका दिवसात शेजारगावची हराळी येते. म्हणून एकराचा दर ठरवतानाच सांगावे की यंत्र पोट खरवडून आले पाहिजे, आणि त्या वीस मिनिटांचे पैसे लागले तर द्यावेत. यंत्र बांधावर आल्यावर सरीत शिरण्याआधी एकदा वाकून पाहावे. थर दिसला तर वर सांगितल्याप्रमाणे यंत्र बंद करून, ओंडक्यांवर टेकवून, रानाबाहेरच खरवडून घ्यावा. निघालेली माती पाण्याच्या दांडात टाकू नये, नाहीतर पहिल्या पाळीबरोबरच लव्हाळा रानभर पसरेल. ती वाळत टाकावी आणि वाळलेल्या गाठी वेचून जाळाव्यात.