साडेनऊच्या पुढे नाही

नागपूरच्या सीताबर्डीतल्या एका इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मी चार्जर घ्यायला उभी होते. शेजारी पांढरी काठी काखेत धरून पस्तिशीतले एक गृहस्थ काउंटरवरच्या लहान लहान डब्या एकेक करून चाचपत होते. हेडफोनचे खिशात मावणारे अँप्लिफायर होते ते. दुकानदार मोठ्या हौसेने नवं मॉडेल दाखवत होता, टचवर चालणारं. गृहस्थांनी त्याच्या गुळगुळीत पाठीवरून अंगठा फिरवला आणि डबी परत ठेवली. "याले बटणच नाही भाऊ. मी कशाले हात लावू?" शेवटी त्यांनी कोपऱ्यातलं गोल बटणाचं जुनं मॉडेल घेतलं. ऐकण्याची वस्तू माणूस इतका वेळ हाताने पारखतो, हे माझ्या मनातून जाईना. ओळख करून घेतली आणि त्यांचं काम पाहायला येऊ का, म्हणून विचारलं. "या ना ताई. पण सकाळी लवकर या, कूलर लागायच्या आत."

कूलरची अट का, ते त्यांच्या घरी गेल्यावर कळलं. काम असं, की अंध विद्यार्थ्यांसाठी लोक घरबसल्या पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करतात, त्या फायली हे ऐकून तपासतात. कुठे ओळ दोनदा वाचली गेली, कुठे पान सुटलं, कुठे मागे कुकरची शिट्टी वाजली, त्याची नोंद करून फाईल परत पाठवायची. रोजचे पाच-सहा तास कानात कुणाचा तरी आवाज.

लॅपटॉपवर एनव्हीडीए हे स्क्रीन वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर. ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध तरुणांनी २००६ मध्ये ते सुरू केलं आणि आजही ते फुकट मिळतं. त्यातल्या एका सोयीने स्क्रीनचा आवाज डाव्या कानात आणि फाईलचा आवाज उजव्या कानात असा वेगळा करता येतो. डावीकडे यंत्राचं भरभर बोलणं, उजवीकडे कुणी बाई इतिहासाचं पुस्तक वाचताहेत, आणि हे दोन्ही एकदम ऐकून राहिले आहेत. मी हेडफोन लावून पाहिला. डाव्या कानातलं मला एक अक्षर कळलं नाही.

लॅपटॉप आणि हेडफोनच्या मधे ती डबी. तिच्या बटणावर कारखान्यातून आलेली खूण म्हणजे पांढऱ्या रंगाची बारीक रेघ, बोटाला न लागणारी. त्या रेघेवर त्यांनी ज्वारीच्या दाण्याएवढं एम-सील चिकटवलं आहे. बटण म्हणजे त्यांच्यासाठी घड्याळ. सातवर टक् करून चालू होतं, पाचवर संपतं. सात ते आठच्या मधे दोन कानांचा आवाज सारखा नसतो, एक बाजू जड लागते. स्वस्त बटणांच्या सुरुवातीच्या टप्प्यात हे बहुतेक असतंच. दोन कानांत दोन कामं चालणाऱ्याला ते परवडत नाही. म्हणून जोर कमी-जास्त करायची बाजूची कळ ते 'कमी'वर ठेवतात, म्हणजे बटण पुढे फिरवायला जागा मिळते. आणि मग अंगठा दाण्यावर ठेवून साडेनऊ.

"साडेनऊच्या पुढे नाही," ते म्हणाले. हे साडेनऊ त्यांनी आईच्या आवाजावरून ठरवलं आहे. आईने स्वयंपाकघरातून नेहमीच्या आवाजात हाक मारली आणि हेडफोन न काढता ऐकू आली, तर ठीक. हेडफोनही त्यासाठीच खुल्या पाठीचा घेतला आहे. बाहेरचं काही ऐकूच येऊ नये असा हेडफोन त्यांना नको. दारावरची बेल, उतू जाणारं दूध, रस्त्यावरची गाडी, सगळं कानांनीच कळायचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने प्रौढाने आठवड्याला ८० डेसिबलचा आवाज ४० तासच ऐकावा, आणि दर तीन डेसिबलला ही मुदत निम्मी होते. ८३ ला २० तास, ८६ ला १०. डोळे नसलेल्या माणसाच्या कानांचं मोल या आकड्यांत मावत नाही. "डोळे तर गेलेच. आता हे गेले, तर मी कुठं जाऊ?" हे वाक्य ते अगदी सपाट आवाजात बोलले.

दहा वाजले. आईने कूलर लावला. ओल्या वाळ्याचा वास खोलीभर झाला आणि त्या घरघरीत मला त्यांचं बोलणंही नीट ऐकू येईना. त्यांचा अंगठा आपसूक बटणावर गेला, दाणा दहाच्या पुढे सरकला, थांबला. त्यांनी तो परत साडेनऊवर आणला आणि काम बंद केलं. नागपूरच्या मे महिन्यात यांचा दिवस पहाटे पाचला सुरू होतो, तो यामुळे.

हे सगळं फोनच्या किंवा लॅपटॉपच्या आवाजावर भागलं नसतं का? ते म्हणाले, आवाज चुकून बंद झाला की स्क्रीन बोलत नाही, आणि स्क्रीन बोलत नाही तर आवाज चालू कुठून करायचा ते सापडत नाही. बटण मात्र अंगठ्याखाली असतं. फाईलमध्ये अचानक भांडं आपटलं तर क्षणात मागे घेता येतं.

आधीच्या डबीने त्यांना फार छळलं होतं. थोडी शांतता झाली की ती वीज वाचवायला झोपी जायची आणि जागी होताना पहिला शब्द गिळायची. स्क्रीनवर 'नॉट चेक्ड' असेल तर कानात फक्त 'चेक्ड'. बँकेच्या अर्जावर ही चूक झाली तर काय होईल, याचा विचार करून पाहा. चार्जिंग किती उरलं तेही ती फक्त लाल-हिरव्या दिव्याने सांगायची.

मला याचा राग येतो. कानांसाठी केलेली वस्तू, आणि तिची सगळी माहिती डोळ्यांना! टक् आवाजाचं बटण, बोटाला लागणारी खाच, चार्जिंग संपत आल्याची एक बीप यांना फार पैसे लागत नाहीत. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा आहे. त्याच्या कलम ४३ ने दिव्यांगांना वापरता येतील अशा ग्राहकोपयोगी वस्तूंचा विकास, उत्पादन आणि वितरण यांना चालना देण्याची जबाबदारी सरकारवर टाकली आहे. ते कलम अजून सीताबर्डीच्या काउंटरपर्यंत पोचलेलं मला दिसलं नाही.

दुकानदारांना एवढंच सांगणं आहे. पांढरी काठी घेऊन कुणी आलं, तर रंग आणि डिस्प्लेचं वर्णन नंतर करा. डबी खोक्यातून काढून, चालू करून त्यांच्या हातात द्या, आणि त्यांना पाहिजे तितका वेळ चाचपू द्या.