गंधविपर्यय

चरकसंहितेचे इंद्रियस्थान म्हणजे अरिष्टांची, मरण जवळ आल्याच्या खुणांची यादी आहे. रोग्याला औषध द्यायचे की हात जोडून उठायचे, हे वैद्याला ठरवता यावे म्हणून तिथे डोळा, कान, नाक, जीभ, त्वचा यांचे नाना बिघाड नोंदवले आहेत. नाकाविषयी सांगितले आहे ते थोडक्यात असे : ज्याला चांगला वास वाईट आणि वाईट वास चांगला वाटू लागतो, किंवा ज्याला वास मुळीच कळत नाही, त्याचे आयुष्य सरले असे जाणावे. सुश्रुताने सूत्रस्थानात जवळपास हेच लक्षण दिले आहे.

या हिशेबाने मी २०२१ च्या श्रावणातच गेले असायला हवे होते. माझ्याबरोबर जगभरातली असंख्य माणसेही. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत वास गेला, महिनाभराने थोडा परतला, आणि सगळे रुळावर येते आहे असे वाटत असताना, आजारानंतर तिसऱ्या महिन्यात, उलटा झाला. कांदा परतला की गटार उपसल्यासारखे वाटे. कॉफीला जळक्या रबराचा आणि सडक्या भाजीचा एकत्र वास. मी वैद्यकशास्त्र शिकलेली नाही. जे वाचले ते स्वतःच्या नाकाच्या निमित्ताने, शब्दकोश शेजारी ठेवून वाचले. त्यातून हाती आले ते असे की, चरकाने नोंदवलेली खूण खरी आहे. तिचा अर्थ मात्र पुष्कळदा नेमका उलटा असतो.

आधुनिक वैद्यकात वास न येण्याला अनॉस्मिया, नसलेला वास येण्याला फँटॉस्मिया आणि असलेला वास भलताच येण्याला पॅरोस्मिया म्हणतात. या तिसऱ्याला मी चरकाचाच शब्द वापरून गंधविपर्यय म्हणते. हा कोरोनाने आणलेला नवा रोग नव्हे. साध्या सर्दीच्या आणि फ्लूच्या विषाणूंनंतरही तो होत आला आहे. जुनाट पडशाने वास जातो हे सुश्रुताच्या उत्तरतंत्रातही आहे, आणि तिथे तो मरणाची खूण म्हणून नव्हे, पडसे अंगावर काढल्याचा परिणाम म्हणून येतो. कोरोनाने एवढेच केले, की एरवी क्वचित भेटणारे रोगी एकाच वेळी घरोघर दिसू लागले.

नाकाच्या पोकळीत अगदी वर, दोन डोळ्यांच्या मध्ये, टपाल तिकिटाएवढ्या जागेत वास ओळखणाऱ्या लाखो चेतापेशी असतात. प्रत्येक पेशीवर एकाच जातीचे ग्राहक रेणू, आणि माणसात अशा सुमारे ४०० जाती. लिंडा बक आणि रिचर्ड अॅक्सेल यांनी १९९१ साली या ग्राहकांचे जनुककुल शोधून काढले. त्याबद्दल त्यांना २००४ चे नोबेल मिळाले. एका जातीच्या पेशींचे तंतू कवटीच्या चाळणीसारख्या हाडातून वर जातात आणि मेंदूच्या गंधकंदात ठरलेल्या जागी जाऊन मिळतात. कुठलाही वास म्हणजे एक ग्राहक नव्हे. अनेक ग्राहक एकदम जागे होऊन तयार झालेली आकृती. कॉफीच्या वाफेतच शेकडो पदार्थ असतात. ते मिळून आपल्याला ‘कॉफी’ कळते.

कोरोनाचा विषाणू ज्या कडीला धरून पेशीत शिरतो, ती कडी या चेतापेशींवर नसते, त्यांना आधार देणाऱ्या शेजारच्या पेशींवर असते, हे २०२० मध्येच लक्षात आले. खांब पडले की छप्पर खचते, तशी चेतापेशींची गत होते. पण निसर्गाने इथे एक सोय ठेवली आहे. शरीरातल्या बहुतेक चेतापेशी मेल्या की गेल्या. नाकातल्या मात्र जन्मभर नव्याने तयार होतात. गंधविपर्यय होतो तो या उगवणीच्या काळात.

का होतो, याची दोन स्पष्टीकरणे आहेत आणि दोन्ही एकाच वेळी खरी असू शकतात. पहिले असे, की नव्या पेशींचे तंतू वर जाताना घर चुकतात. पत्र बरोबर असते, पण पोस्टमन ते चाळीतल्या भलत्याच खोलीत टाकतो. दुसरे मला अधिक पटते. सगळ्या जाती एकदम उगवत नाहीत. काही ग्राहक परततात, काही नाही, आणि आकृती अर्धीच पोचते. ‘कमल’ या शब्दातले पहिले अक्षर गळाले की काय उरते ते मराठी वाचकाला सांगायला नको.

आता प्रश्न असा, की केळे, काकडी, दही यांना काही होत नाही आणि कांद्याला, कॉफीलाच का होते? इंग्लंडमधल्या रेडिंग विद्यापीठातल्या जेन पार्कर, लंडनचे नाक-कान-घसा तज्ज्ञ सायमन गेन आणि त्यांचे सहकारी यांनी कॉफीच्या वाफेतले घटक यंत्राने एकेक करून वेगळे केले आणि ते गंधविपर्यय झालेल्यांना हुंगायला दिले. हे काम २०२२ साली प्रसिद्ध झाले. शेकडो घटकांपैकी मोजकेच गुन्हेगार निघाले. त्यांत अग्रभागी होते २-फ्युरनमिथेनथायॉल. निरोगी माणसाला ते भाजल्यासारखे, कॉफीसारखे, छान लागते. रोग्यांना तेच शिसारी आणणारे. सापडलेले बहुतेक दोषी गंधकयुक्त थायॉल, डायसल्फाइड किंवा पायराझिन या कुळांतले होते. आणि त्यांच्यात एक गोष्ट समान होती : हे पदार्थ हवेत अगदी नाममात्र असले तरी नाकाला कळतात. म्हणजे दुबळ्या, अर्ध्या उगवलेल्या नाकालाही ते सर्वांत आधी ऐकू येतात, आणि त्यांचा तोल सांभाळणारे बाकीचे सूर मात्र अजून मुके असतात.

हे वाचले आणि आपल्या स्वयंपाकघराचा अर्थ लागला. पायराझिन तयार होतात भाजताना, परतताना, तळताना. पीठ, दाणे, डाळी तांबूस होतात त्या प्रक्रियेत. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मायार याने १९१२ साली ती वर्णिली. मराठीत तिला एका शब्दाचे नाव आहे : खमंग. तुपात भाजलेले बेसन, चकलीची भाजणी, दाण्याचे कूट, भाजलेले सुके खोबरे. गंधकाचा पुरवठा करायला कांदा, लसूण आणि हिंग आहेतच. दिवाळीच्या फराळाचे ताट म्हणजे रेडिंगच्या यादीचे मराठी भाषांतर होय. २०२१ च्या दिवाळीत शेजारच्या चार घरांत भाजणी सुरू झाली तेव्हा मी दोन दिवस गच्चीवर जाऊन बसत होते.

अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहात रूपाचे सात आणि रसाचे सहा प्रकार आहेत. गंधाचे मात्र दोनच, सुरभी आणि असुरभी. पूर्वी मला हे वर्गीकरण फार गरीब वाटे. मराठीत खवट, कुबट, उबट, आंबूस, करपट, वशाट, मातकट, धुरकट असे कितीतरी शब्द असताना दोनच? पण नाक उलटल्यावर उरतात ते हे दोनच, आणि त्यांतही दुसराच. आपले वासाचे शब्द त्या त्या कारणाला चिकटलेले असतात. तेल जुने झाले की खवट, कपडे ओले राहिले की कुबट. या वासाला जगात कारणच नसते, म्हणून शब्द नसतो. रोगी म्हणतो रबर, गटार, रसायन, आणि मग हताश होऊन म्हणतो, ‘पण तसाही नाही.’ समोरच्याला ही नाटके वाटतात. मला एका डॉक्टरांनी झोपेची गोळी लिहून दिली होती.

खरी झळ बसते ती रांधणाऱ्या बाईला. ती न जेवता राहील, पण फोडणी कोण देणार? माझ्या ओळखीतल्या एक बाई सहा महिने नाकाला कपड्याचा चिमटा लावून स्वयंपाक करत होत्या, आणि मीठ-मसाल्याची चव शाळकरी मुलगी सांगे. त्यांचे वजन नऊ किलोंनी उतरले. त्याहून त्यांना लागले ते वेगळेच : नवऱ्याच्या अंगाला, स्वतःच्या केसांना, धुतलेल्या उशीलाही तोच वास. या आजारात माणसे खिन्न होतात, एकटी पडतात. त्याचे मूळ इथे आहे, मनाच्या दुबळेपणात नाही.

सोसण्याचा मार्ग मला सापडला तो आजीच्या चातुर्मासात. कांदेनवमीला कांद्याची भजी खाऊन कांदा-लसूण बंद, ते थेट कार्तिकीपर्यंत. त्या काळातल्या तिच्या जेवणातून हिंग आणि भाजलेले कूट एवढे काढले की जे उरते ते जवळजवळ सगळे खाता येते. मऊभात आणि ताक. बिनफोडणीचे वरण, वर लिंबू. उकडलेले रताळे, वरीचे तांदूळ, ओले खोबरे, काकडी, केळे, पेज. यात धर्म कुठे येत नाही, रसायन येते. दुसरा नियम तापमानाचा. गरम अन्नातून वासाचे रेणू भराभर उडतात, गार अन्नातून कमी. म्हणून निवलेले, शक्यतो फ्रिजमधले खावे आणि शिजवताना पंखा नको, खिडकी हवी. प्रथिनांची काळजी घ्यावी, कारण अंडी आणि मांस पहिल्या फटक्यात जातात. दही, पनीर, मोड आणून वाफवलेले मूग चालतात का ते पाहावे. पेपरमिंटची टूथपेस्ट सोसत नसेल तर लहान मुलांची फळाच्या वासाची घ्यावी.

जीभ मात्र बहुधा शाबूत असते. बडीशेप चावताना नाक चिमटीत धरून पाहा. फक्त किंचित गोडी कळेल. चिमटी सोडली की घशामागून वास वर चढतो आणि बडीशेप कळते. आपण ज्याला चव म्हणतो तिचा मोठा भाग असा नाकाचा आहे. म्हणून आंबट, खारट, तिखट, कुरकुरीत यांच्यावर जेवण पेलता येते. तिखटाचा जाळ आणि कापराचा, बामचा थंडावा हे वास नव्हेतच, ती चेहऱ्याच्या वेगळ्या चेतेची संवेदना. त्या साथीत कापूर, ओवा, लवंगेच्या पुरचुंड्या मोबाइलवरून गावभर फिरल्या. त्यांनी ऑक्सिजन वाढत नाही. आणि कापूर नाकाला ‘लागला’ म्हणजे वास परतला असेही नाही.

उपचारांत सर्वांत बरा आधार आहे तो गंधसरावाला. ड्रेस्डेनचे थॉमस हुमेल आणि सहकाऱ्यांनी २००९ साली तो मांडला : गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरी हे चार वास, रोज सकाळ-संध्याकाळ, बारा आठवडे. चारही आपल्या घरात सापडतात. झाकणाच्या लहान बाटलीत कापसावर दोन थेंब तेल घालावे. नाकात तेल घालायचे नाही. प्रत्येक बाटली दहा-पंधरा सेकंद हलकेच हुंगावी आणि हुंगताना तो वास आठवावा. हा आठवण्याचा भाग मला यांत्रिक हुंगण्याइतकाच महत्त्वाचा वाटतो. उलटे नाक असेल तर जो वास सोसतो त्यापासून सुरुवात करावी; शिसारी येत असताना रेटू नये. याने सगळ्यांना गुण येतो असे नाही, आणि येतो तो महिन्यांच्या हिशेबाने. बहुतेकांचे नाक काळानुसार सुधारते. काहींना वर्ष-दोन वर्षे लागतात, काहींचे पूर्ण पूर्वीसारखे होत नाही. स्टेरॉइडच्या गोळ्यांना अजून भक्कम पुरावा नाही, त्या स्वतःच्या मनाने घेऊ नयेत.

पण चरकाची भीती अगदीच टाकून देण्यासारखी नाही. आधी सर्दी-ताप काही नसताना वास जाऊ लागला, एकाच नाकपुडीत फरक पडला, डोक्याला मार लागल्यानंतर झाला, किंवा क्षणभर जळका वास येऊन शुद्ध हरपल्यासारखे वाटले, तर डॉक्टरांकडे जावेच. पार्किन्सनमध्ये हात थरथरण्याच्या कितीतरी वर्षे आधी वास कमी होऊ शकतो. अपस्माराचा झटका कधी कधी वासाने सुरू होतो.

आणखी एक, घरातले. स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. गळती कळावी म्हणून त्यात इथाइल मरकॅप्टन मिसळतात. तेही थायॉलच. म्हणजे नाक बंद असताना गॅस सुटलेला कळत नाही, आणि नाक उलटल्यावर कांदा परतला तरी गॅस सुटल्यासारखा वाटतो. पुढे माणूस त्या इशाऱ्याकडे लक्ष देईनासा होतो, ते अधिक धोक्याचे. गॅस ओळखणारे भिंतीवरचे यंत्र बाजारात मिळते, ते लावून घ्यावे. शिळ्या अन्नाच्या डब्यांवर तारीख लिहावी आणि शंका आली तर दुसऱ्याच्या नाकाला विचारावे.

मी सरावाची वही ठेवली होती. लिंबू पहिले आले, अकराव्या आठवड्यात. लवंग त्यानंतर, पण बराच काळ दातांच्या दवाखान्यासारखी. पुढच्या पावसाळ्यात मातीचा वास आला, तो चक्क मातीचा. कांदा दुसऱ्या वर्षी सुसह्य झाला. बेसन भाजताना आता फक्त सुरुवातीला, ते कच्चेपणा सोडू लागते त्या मिनिटभरात, जुना वास डोकावतो. कॉफी मात्र मी अजून गारच पिते.