म्हातारं माणूस हरवलं, तर आधी गावाला कळवा

हरभऱ्यात घाटेअळीसाठी कामगंध सापळे लावून दाखवायला एका गावी गेलो होतो. शिवारात चिटपाखरू नाही. चौकशी केली तर कळलं, सगळे एका आजोबांना शोधताहेत. वय ऐंशीच्या घरात, विसरभोळेपणा वाढलेला. सकाळी "मोटेवर जातो" म्हणून निघाले. मोट थांबून पन्नास वर्षं झालेली!

घरच्यांनी दुपारपर्यंत गुपचूप शोधलं. बोभाटा नको म्हणून. शेवटी ग्रामसुरक्षा यंत्रणेवरून निरोप गेला. त्यातला 'मोट' शब्द ऐकून वस्तीवरच्या एका म्हाताऱ्या गड्यानं बुजलेल्या जुन्या विहिरीची जागा सांगितली. आजोबा तिथंच घाणेरीच्या जाळीत बसलेले. लोक हाका मारत जवळून गेले होते. त्यांनी ओ दिली नव्हती.

स्मृतिभ्रंश हा आजार आहे, वेडेपणा नव्हे. असं माणूस पुष्कळदा जुन्या घराकडं, जुन्या शेताकडं जातं आणि हाकेला उत्तर देत नाही. म्हणून नुसत्या हाका मारून भागत नाही. ऊस, ओढा, विहीर, कॅनॉलचा काठ डोळ्यांनी बघावा लागतो. त्याला माणसं लागतात, तीही लवकर.

जपानात भूकंप-वादळासाठी लावलेल्या कर्ण्यांवरून हरवलेल्या वृद्धांचं वर्णन सांगतात. अमेरिकेत अनेक राज्यांत 'सिल्व्हर अलर्ट' आहे. आपल्याकडं बऱ्याच गावांत ग्रामसुरक्षा यंत्रणा आहे. टोल फ्री क्रमांकावर बोललेला निरोप नोंदवलेल्या सगळ्या मोबाइलवर जातो. चोर-बिबट्यासाठी ती वापरतो, तशी आजोबांसाठीही वापरावी.

शेतकरी बंधूंनी एवढं करावं :

१. माणूस दिसेना झालं की पोलीस पाटलांना सांगावं, ११२ वर फोन करावा. चोवीस तास थांबायचा नियम नाही.

२. निरोपात नाव, वय, कपडे, शेवटचं कुठं दिसले आणि जाताना काय बोलले, हे सांगावं.

३. अलीकडचा फोटो हाताशी ठेवावा. खिशात नाव व फोन नंबरची चिठ्ठी शिवावी.

४. सापडल्यावर रागावू नये. पाणी द्यावं, दवाखान्यात दाखवावं आणि माणूस सापडल्याचा निरोपही द्यावा.

ग्रामपंचायतीनं येत्या ग्रामसभेत राहिलेल्यांचे मोबाइल नोंदवून घ्यावेत. वस्तीवरचे आणि सालगडी सुटू देऊ नयेत. म्हातारपणी विसरणाऱ्यांसाठी ज्येष्ठ नागरिक हेल्पलाइन १४५६७ आहे. तो क्रमांक चावडीवर लिहावा.

बैल सुटला तर आपण शिवारभर विचारत फिरतो. ज्यानं तो बैल जुंपला, त्याच्यासाठी विचारायला लाज कसली?

— कृषी विस्तार अधिकारी